कुंकू खालच्या टोकाला

अश्विनीला पोरीचं कौतुक सांगायला निमित्त लागत नसे. अवसरी बुद्रुकच्या डेअरीवर ती दूध घालायला गेली, की शेजारी उभ्या असलेल्या बाईला प्राचीनं या आठवड्यात काय कापलं, ते ऐकून घ्यावंच लागे. नवरा चांगदेव वैतागून म्हणायचा, "अगं, लोकं दूध घालाया येत्यात, पोवाडा ऐकाया न्हाई." त्यावर अश्विनी म्हणायची, "मग कानात बोळं घालून यावं त्यांनी." आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

प्राची कापायची लाकूड. तिच्याकडं जाळी कापायचं मशीन होतं. शिलाई मशीनएवढंच, पण वर एक लांब लोखंडी हात, खाली सपाट पाट, आणि दोन्हींच्या मधे उभं ताणून बसवलेलं पातं. पातं इतकं बारीक की चार हातांवरून दिसतही नसे. बटण दाबलं की ते वरखाली पळत सुटायचं, आणि प्राची हातातली फळी त्याच्यापुढं अशी वळवायची की बघता बघता फळीतून वेल निघे, मोर निघे, समईची ज्योत निघे. मंचरच्या ऑफिसातल्या नोकरीच्या पगारातून तिनं ते घेतलं होतं. शिकली मोबाईलवर बघून आणि मंचरच्या महंमद हनीफ मिस्त्रींच्या कारखान्यात उभी राहून. मिस्त्री कुणाला फुकट उभं राहू देत नसत, हिला मात्र स्वतः स्टूल द्यायचे. हेही अश्विनीनं डेअरीवर सांगून झालं होतं.

मशीन गोठ्याच्या कडेच्या पत्र्याच्या खोलीत होतं. तिथं अश्विनी चहा घेऊन जायची आणि चहा गार होईपर्यंत बघत उभी राहायची. पातं कसं बसवतात, कसं सैल करतात, हे तिला बघून बघून पाठ झालं होतं. प्राची प्रत्येक नव्या पात्याच्या एका टोकाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवायची. तो कशाला, हे मात्र अश्विनीनं कधी विचारलं नाही. पोरीला सगळं येतंय म्हटल्यावर आपण कशाला विचारायचं, असा तिचा सरळ हिशोब होता.

सोयरीक जुळली डिंगोऱ्याच्या ऋषीशी. मुलगा गुणाचा, ओतूरच्या खतांच्या दुकानात कामाला, घरी कांदा आणि टोमॅटो, आणि दारात सोन्या नावाचा शर्यतीचा बैल. ऋषीची आई तो लहान असतानाच गेलेली. त्याला वाढवलं ते थोरल्या चुलतीनं, बयाबाईंनी. ऋषी तिला मोठी आई म्हणायचा, आणि बयाबाईंनी मान हलवल्याशिवाय त्या घरात चहात साखर पडत नसे.

बैठकीत मानपानाचं सगळं सुरळीत ठरलं. शेवटी प्राचीनंच विषय काढला. "मी नोकरी सोडून येतेय तिकडं. पण मशीन घेऊन येणार."

बयाबाईंनी सुपारी कातरायची थांबवली. "कंचं मशीन? ते कर्रकर्र वाजतं ते? न्हाई ग बाय. आमचा सोन्या आवाजाला लई नाजूक हाय. बिथरला तर शर्यतीत काय करायचं? आन् सुनंनं भुश्यात बसायचं, मग घरातलं कुणी बघायचं?"

"ओसरीच्या मागं खोली हाय ना, मोठी आई," ऋषी म्हणाला. बयाबाईंनी त्याच्याकडं नुसतं बघितलं, आणि ऋषीला एकदम चहाच्या कपात काहीतरी महत्त्वाचं दिसू लागलं.

"बघू म्होरं," बयाबाई म्हणाल्या. म्हणजे नाही. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

पाव्हणे गेल्यावर प्राची मशीनपाशी जाऊन बसली, पण तिनं बटण दाबलं नाही. नुसतं फडक्यानं पाट पुसत बसली. मुलगा तिला आवडला होता, हे अश्विनीला माहीत होतं. मशीन सोडून गेली तर ही पोर तिकडं अर्धीच जाईल, हेही माहीत होतं. आणि तिथंच दारात उभ्या उभ्या तिनं लग्न मोडू द्यायचं नाही आणि मशीनही सोडायचं नाही, असं दोन्ही ठरवून टाकलं.

वाट तिला रुखवतात सापडली. त्या भागातल्या लग्नात रुखवताला मोठा मान. नवरीनं स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू टेबलावर मांडायच्या, मुलाकडच्या बायांनी येऊन बघायच्या, नावं ठेवायची, कौतुक करायचं, आणि मग सगळं नवरीबरोबर सासरी न्यायचं. रुखवतात मांडलेलं कुणी नको म्हणत नाही. पापड नको म्हणत नाहीत, कुरडया नको म्हणत नाहीत. मग मशीन कसं नको म्हणतील?

"रुखवतात मशीन?" चांगदेव म्हणाला. "लोकं हसतील."

"हसू देत. हसत हसत न्यू देत."

लग्न मंचरजवळच्या मंगल कार्यालयात होतं. सकाळी प्राचीला पार्लरवालीच्या ताब्यात देऊन अश्विनी रुखवताच्या टेबलापाशी आली. हे काम तिनं कुणालाही करू दिलं नाही. लेण्याद्रीचा कापलेला डोंगर तिनं मधे ठेवला, त्यातली लेण्यांची ओळ मागच्या दिव्यानं उजळेल असा. एका बाजूला बैलगाडा, दुसऱ्या बाजूला समईमागची जाळी. पुढं देव्हाऱ्याची कमान, डिंगोऱ्याच्या देव्हाऱ्याच्या मापानं केलेली. माप ऋषीनं गुपचूप आणून दिलं होतं. भोवती पापड, कुरडया, करंज्या. आणि टेबलाच्या टोकाला, सगळ्यांना दिसेल असं, मशीन.

मशीनला भुसा चिकटलेला होता. अशा रूपात ते व्याह्यांपुढं कसं ठेवायचं? तिनं वरचा खटका सैल केला, पातं काढलं, मशीन कानाकोपऱ्यातून पुसलं, पात्यालाही तेलाचं बोट लावलं. पातं परत बसवायला घेतलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की लाल ठिपक्याचं टोक मघाशी खाली होतं. पार पाटाखाली, कुणाला दिसणारही नाही असं. तिला कसंतरीच झालं. कुंकू कधी खाली असतं का? खंडेनवमीला विळा असो, कोयता असो, ट्रॅक्टर असो, कुंकू लावायचं ते कपाळाला. नोकरीच्या गडबडीत पोरीच्या हातून राहिलं असेल. अश्विनीनं पातं फिरवलं, लाल टोक वर घेतलं आणि खटका दाबून ताणून बसवलं. मग मशीनला खरं हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, आणि दोन पावलं मागं सरून बघितलं. मशीन असं शोभत होतं, की तिला एकदम भरून आलं.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, पंगती बसल्या, आणि पहिली पंगत उठल्यावर डिंगोऱ्याच्या बाया रुखवत बघायला आल्या. पुढं बयाबाई. हिरवं नऊवारी, नाकात नथ, चाल अशी की बाकीच्या आपोआप बाजूला होत होत्या. त्यांनी डोंगर बघितला, बैलगाडा बघितला. कमान हातात घेतली, उलटी केली, उजेडाकडं धरली, जाळीतून बोट फिरवलं. त्यांच्या तोंडावरचं काही हललं नाही, पण कमान त्यांनी बराच वेळ खाली ठेवली नाही. अश्विनीनं हे नेमकं टिपलं.

"कुठल्या दुकानातली?" बयाबाईंनी विचारलं.

"दुकानातली न्हाई, विहीणबाई. प्राचीच्या हातची. समदंच तिच्या हातचं."

"आता समद्याच असं म्हणत्यात. परवा भाचीच्या लग्नात लई भारी रुखवत व्हतं. पोरगी गाडीत बसली, आन् माघारी टेम्पो आला, समदं भरून घिऊन गेला. भाड्याचं व्हतं." बाया खुसुखुसू हसल्या. बयाबाईंची नजर मशीनवर गेली, झेंडूच्या हारावर थांबली. "आन् हे?"

"हे बी रुखवतच," अश्विनी म्हणाली.

दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या. बयाबाई काही कालच्या नव्हत्या. अश्विनीनं काय डाव टाकलाय हे त्यांना कळलं, आणि त्यांना कळलंय हे अश्विनीलाही कळलं. अश्विनीची मान खाली गेली नाही.

"बरं," बयाबाई म्हणाल्या. आवाज मुद्दाम मोठा होता. "रुखवत म्हंजी नवरीच्या हातचं. पोरीनं हितं चालवून दावावं. तिच्या हातचं हाय हे दिसलं, तर मशीन मी सवता टेम्पोत चढवीन. न्हाय दिसलं, तर कमान डिंगोऱ्याला येईल आन् मशीन हितंच ऱ्हाईल. पुन्ना त्याचा शब्द काढायचा न्हाई. कबूल?"

अश्विनीनं पोरीला विचारलंसुद्धा नाही. "कबूल," ती म्हणाली.

प्राची कोचावर ऋषीशेजारी बसून फोटोला हसत होती. तिला बोलावणं गेलं. ती शालू सावरत, डोक्यावरच्या मुंडावळ्या मागं सारत आली आणि काय चाललंय ते ऐकून घेतलं. तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. आईचीच लेक ती.

"काय कापू, मोठी आई?"

बयाबाईंनी क्षणभर विचार केला. मोर, हत्ती हे कुणीही कापेल. "आमचा सोन्या काप," त्या म्हणाल्या. "मला वळखू आला पायजे."

"मोठी आई, अगं आत्ता तिला..." ऋषी मागून म्हणाला.

"तू गप."

सोन्या प्राचीला चांगलाच माहीत होता. ऋषीच्या मोबाईलमधे त्याच्या स्वतःच्या फोटोंपेक्षा बैलाचेच फोटो जास्त होते. चांगदेवनं वायरचा बोर्ड ओढून आणला. कुणीतरी डोंगरामागं टेकवलेली प्लायची जादा फळी काढून दिली. प्राचीनं पेन्सिलनं बैल काढला: मान ताठ, शिंगं मागं वळलेली, पुढचा पाय उचललेला. मग स्टूलवर बसली, शालूचा घोळ गुडघ्यांत धरला, गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला आणि बटण दाबलं.

फळी पात्याला टेकली मात्र, आणि नाचायलाच लागली. खटखटखट पाटावर आपटत होती. प्राचीनं दोन्ही हातांनी दाबून धरली, तर हातासकट वर उचलली जायला लागली. झेंडूच्या पाकळ्या उडाल्या, करंज्यांचं ताट थरथरलं. बायांनी तोंडाला पदर लावले.

"अगं बया," कुणीतरी म्हणालं, "लाकूडच वरातीत नाचाया लागलं की!"

प्राचीनं जोर लावला. टक्कन आवाज झाला आणि पातं तुटलं. तिनं बटण बंद केलं. हसण्याचा आवाज त्यामुळं जास्तच ऐकू आला.

बयाबाई हसल्या नाहीत. "राहू दे, पोरी," त्या म्हणाल्या, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. त्यांच्या आवाजात खरोखरची दया होती. अश्विनीला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं.

प्राची वाकून पात्याचा वरचा तुकडा बघत होती. तिथं लाल ठिपका होता. तिनं हळूच मान वर करून आईकडं बघितलं. रागानं नव्हे, पोरीला काहीतरी उमगलं होतं आणि ते तिला बोलून दाखवायचं नव्हतं, एवढंच त्या बघण्यात होतं. अश्विनीला अजून काही कळलं नव्हतं, पण ती नजर तिच्या काळजात गेली.

"पातं उलटं बसलंय," प्राची म्हणाली. "दात खाली पायजेत. खाली असले तर पातं फळीला पाटावर दाबून कापतं. वर झाले तर फळी उचलतं."

"आता काय बाई," एक चुलत नणंद म्हणाली. "स्वतःचंच मशीन, आन् पातं उलटं. कुणी बसवलं म्हणायचं मग?"

प्राचीनं तोंड उघडलं. ती 'माझ्याच हातनं' म्हणणार, हे अश्विनीला तिच्या ओठांवरून दिसलं. प्राची लहान असताना अश्विनीच्या हातून थोरल्या काकूची बरणी फुटली तेव्हाही ही अशीच आईच्या वाटचं बोलून मोकळी झाली होती. एका शब्दानं पोरीचं नाव जाणार, आणि आईचं राहणार. डेअरीवर, गावात, सगळीकडं मिरवलेलं आईचं तोंड राहणार. अश्विनी पुढं झाली.

"मी बसवलं," ती म्हणाली. "सकाळी पुसाया काढलं व्हतं. तिनं लाल ठिपका खाली ठेवलेला. मला वाटलं, कुंकू हाय. कुंकू खाली कसं ठेवायचं, म्हणून मी फिरवून वर केलं. पोरीची काय चूक न्हाई. माझी अक्कल."

मग हशा उसळला, पण आता तो वेगळा होता. डिंगोऱ्याच्या त्या बायांत अशी एकही नव्हती, जिनं कुंकू वर केलं नसतं. बयाबाईंच्या ओठाचा एक कोपरा हलला.

"कुंकू खाली ठेवलंच नसतं मी बी," त्या म्हणाल्या. "पण मग पोरीनं कशापायी ठेवलं?"

"कुंकू नाही ते, मोठी आई. खूण हाय. दात इतके बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. कुठलं टोक खाली, ते कळावं म्हणून लावते."

"मग आता? ते तर मोडलं."

प्राचीनं पाटाच्या मागची छोटी पुडी काढली. त्यात नवी पाती होती, सुतासारखी, काळी, कशालाच ठिपका नाही. तिनं एक उचललं. व्हिडिओवाल्याचा दिवा डोळ्यांवर येत होता. त्या उजेडात पातं नुसतंच चकाकत होतं. बोटाच्या पेरानं तिला कळलं असतं, पण पार्लरवालीनं सकाळी बोटांना लांब नखं चिकटवली होती. पेर पात्याला टेकायच्या आधी नख टेकत होतं. तिनं दोनदा बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली.

"मिस्त्री कापडावर बघायचे," ती हळूच म्हणाली. "पातं कापडावरनं ओढायचं. एकीकडं ओढलं तर नुसतं घसरतं. दुसरीकडं ओढलं तर अडतं. ज्या टोकाकडं ओढताना अडतं, ते टोक खाली." आणि स्वतःच्या शालूकडं बघून थांबली. शालू सासरचा होता. त्याचं सूत काढायचं म्हणजे बयाबाईंचा तोंडावर अपमान केल्यासारखं.

अश्विनीच्या अंगावर पैठणी होती. भावानं खास या लग्नासाठी घेतलेली, मोरांचा पदर. घडी मोडायच्या आधीच गावातल्या निम्म्या बायांनी ती बघून घेतली होती, कारण अश्विनीनं स्वतः फिरून दाखवली होती. आज पहिल्यांदाच नेसली होती. तिनं पदर खांद्यावरून काढला, दोन हातांत ताणून पोरीपुढं धरला.

"आई, सूत निघंल."

"निघू दे."

"पैठणी हाय ग."

"मला ठाऊक हाय काय हाय ते. ओढ."

प्राचीनं पातं पदरावर आडवं टेकवलं आणि ओढलं. ते सरळ घसरत गेलं. मग उलटीकडं ओढलं. पदराला बारीक हिसका बसला. हिरव्या रेशमाचा एक धागा वर आला आणि मोराच्या पिसाऱ्यातून फासासारखा लोंबला. सगळ्या बाया एकदम 'ई' करून ओरडल्या. अश्विनी ओरडली नाही. तिला त्या हिसक्यात पोरीचा हात जाणवला, नेमका, स्थिर, आणि तिची मान आपोआप ताठ झाली.

"हे टोक खाली," प्राची म्हणाली.

"थांब." बयाबाईंनी हात पुढं केला. "मला बघू."

त्यांनी पातं चिमटीत धरलं, डोळ्यांपाशी नेलं, काही दिसलं नाही. मग खुरपणीनं टणक झालेला अंगठा हलकेच त्यावरून नेला, आणि परत आणला. त्यांचा चेहरा पालटला. "दात्र्याचा इळा असतोय ना गवताचा," त्या सावकाश म्हणाल्या, "त्याचं दात मुठीकडं असत्यात. आपल्याकडं वढलं की कापतोय, म्होरं ढकललं तर नुसताच जातोय. हे तसंच हाय. हे खाली वढून कापतंय." त्यांनी पातं प्राचीच्या हातात दिलं, नेमकं त्याच टोकानं. "बसव. आन् तो दिवा बाजूला घ्या रं, पोरीच्या डोळ्यांवर येतोय."

प्राचीनं खालचं टोक आधी अडकवलं, मग वरचं, खटका दाबला, पात्याला नखानं टिचकी मारली. तारेसारखा आवाज आला. बटण दाबलं.

आता फळी पाटाला चिकटून राहिली. मशीन एका सुरात घुमायला लागलं. प्राचीचे हिरव्या चुड्याचे हात असे फिरत होते, की बांगड्यांचासुद्धा आवाज होत नव्हता. शेपटी निघाली, पाठ निघाली, वशिंड निघालं. शिंगांपाशी ती थांबल्यासारखी झाली, मग फळी एका दमात वळवली आणि दोन्ही शिंगं वेगळी करून बाहेर आणली. जेवायला बसलेले पुरुष पंगतीतून मान वर करून बघत होते. चांगदेव उगाचच वायर धरून उभा होता, जणू त्याच्याशिवाय वीज यायची नाही. अश्विनी कुणाकडंच बघत नव्हती. तिला सांगायला डेअरी नको होती, बाई नको होती. जे इतकी वर्षं ती सांगत आली ते आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आपोआप घडत होतं, आणि तिला पहिल्यांदाच गप्प उभं राहावंसं वाटलं.

प्राचीनं बटण बंद केलं, बैलावरचा भुसा फुंकला आणि तो बयाबाईंच्या तळहातावर ठेवला.

बयाबाईंनी सोन्या उलटासुलटा करून बघितला. शिंगांवरून अंगठा नेला. "वशिंड जरा लहान झालं," त्या म्हणाल्या. थोडं थांबून म्हणाल्या, "पण शिंगं बरोबर हायेत. डावं जरा बाहेर जातंय त्याचं, ते बी बघितलंस तू." मग त्यांनी तो बैल कमरेच्या ओच्यात खोचला, जिथं त्या किल्ल्या ठेवायच्या. "ऋषी, बघत काय ऱ्हायलास? मशीन उचल. न्हाई, थांब. मी शब्द दिलाय." आणि पदर खोचून, नथ सावरत, त्या बाईनं मशीनची एक बाजू खरंच धरली. टेम्पोपर्यंत दुसरी बाजू अश्विनीनं धरली होती.

पाठवणीला अश्विनी रडली, सगळ्या आया रडतात तशी. पण टेम्पो वळताना झेंडूच्या हारातलं मशीन मागं दिसलं आणि तिला रडता रडता हसू आलं.

ती डिंगोऱ्याला गेली ती दिवाळीनंतर, लेकीला माहेरी आणायला. घराजवळ आली तेव्हाच तिला मशीनचा आवाज ऐकू आला. दारात सोन्या बांधलेला होता. तो शांतपणे वैरण खात होता. त्याला कानही हलवावेसे वाटत नव्हते. ओसरीच्या मागच्या खोलीला नवी खिडकी पाडली होती. प्राची खिडकीपाशी देव्हाऱ्याच्या कमानी कापत होती. ओतूरहून, जुन्नरहून लोक मागणी घेऊन येत होते. भिंतीवर खिळ्याला लग्नातला सोन्या टांगलेला होता. त्याच्याखाली चौरंगावर बयाबाई बसल्या होत्या, आणि पुढं शेजारची उज्ज्वला, तिला त्या काहीतरी समजावून सांगत होत्या. अश्विनी दारातच थबकली.

"असं पदरावर टाकायचं," बयाबाई सांगत होत्या, "आन् वढायचं. बघ, हिकडं घसरतंय. आता हिकडं. अडलं का? तर मग हे टोक खाली. आन् मग लगीच खूण करायची, न्हायतर पुन्ना पंचाईत." त्यांनी शेजारच्या करंड्यातून चिमूटभर कुंकू घेतलं, मेणाच्या बोटानं पात्याच्या टोकाला लावलं, आणि तयार पात्यांच्या ताटलीत ते ओळीनं ठेवून दिलं. त्यांच्या नऊवारीच्या पदराला जागोजाग सुतं निघालेली होती. हिरव्या लुगड्याचा पदर पार झिंज्या सुटल्यासारखा झाला होता, आणि त्या तो झाकत नव्हत्या. मांडीवर पसरून बसल्या होत्या.

"पण काकू, कुंकू खाली?" उज्ज्वला म्हणाली.

"आमच्याकडं खालीच असतंय," बयाबाई ठणकावून म्हणाल्या. मग त्यांना दारात अश्विनी दिसली. "या विहीणबाई, या. तुमालाच सांगायचं व्हतं. पातं कसं बसवायचं म्हायती हाय का? लोकं उलटं बसवत्यात."

अश्विनीला क्षणभर हेवा वाटला. तिच्या पोरीचं कौतुक, आणि दुसरीच बाई सांगत बसलेली, तेही तिच्याच ठेक्यात. मग तिनं खोलीभर बघितलं. खिडकी बघितली, भिंतीवरचा बैल बघितला, भुश्यात मिटल्या ओठांनी हसणारी लेक बघितली. आणि तो हेवा कुठल्या कुठं गेला.

ती आज मुद्दाम पैठणी नेसून आली होती. रफूवाल्यानं धागा आत ओढून देतो म्हटलं होतं. तिनं ओढू दिला नव्हता. ती बयाबाईंशेजारी चौरंगावर टेकली, आपला पदर त्यांच्या पदराशेजारी पसरला, आणि मोराच्या पिसाऱ्यातला तो लोंबता हिरवा फास उज्ज्वलाला बोटानं दाखवला.

"त्यांची लई हायेत," अश्विनी म्हणाली. "पण पहिलं सूत माझं."